रेंज रोव्हर ३.९ व्ही-८: कॅमशाफ्ट आणि रॉकर बदलाच्या नोंदी

८ नोव्हेंबर

गाडी १९९० सालची रेंज रोव्हर. ३.९ लिटरचं व्ही-८ इंजिन, लुकासचं १४सीयूएक्स इंजेक्शन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तिचं खरं काम लो रेंजमध्ये (हळू पण जास्त जोराच्या गिअरांत), दगडधोंड्यांत आणि चिखलात. हायवेवर ती धावते ते तिथवर पोचण्यापुरतं.

तक्रार अशी: चढावर ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत नेला की इनटेकमधून फटफट आवाज येतो आणि जोर मरतो. प्लग, वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर सगळं नवं टाकून झालं. कॉम्प्रेशन आठही सिलिंडरला जवळपास सारखं.

इनटेकमधून फटफट आली की संशय आधी एक्झॉस्टच्या लोबवर घ्यावा. लोब म्हणजे कॅमशाफ्टवरचा उंचवटा: तो टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरचं एक टोक उचलतो आणि रॉकर दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह उघडतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरेसा उघडला नाही तर जळालेला वायू सिलिंडरमध्येच कोंडतो आणि इनलेट उघडताच त्या वाटेने उलटा येतो. म्हणून दोन्ही बाजूंचे रॉकर शाफ्ट सोडले, प्लग काढले, पुशरॉडच्या डोक्यावर डायल गेज (बारीक उचल मोजणारं घड्याळी माप) टेकवलं आणि क्रँक हाताने फिरवला. रॉकर काढलेले असले की टॅपेटवर स्प्रिंगचा दाब नसतो, त्यामुळे हायड्रॉलिक टॅपेट दबून आकडा खोटा येत नाही. कॅम न काढता लोब तपासायची हीच सर्वांत भरवशाची पद्धत, आणि तिला एक संध्याकाळ पुरते.

धड असलेले लोब पुशरॉडला ६.१ ते ६.२ मि.मी. उचलत होते. सातव्या सिलिंडरचा एक्झॉस्ट ४.३. दुसऱ्याचा एक्झॉस्ट ५.०. आणखी तीन लोब ५.७ च्या आसपास. या इंजिनात रॉकरचं गुणोत्तर १.६ आहे, पुशरॉडची उचल व्हॉल्व्हवर १.६ पट होते, म्हणजे सातव्याचा व्हॉल्व्ह ९.९ मि.मी. ऐवजी जेमतेम ६.९ मि.मी. उघडत होता. इग्निशनवर आधी जो खर्च झाला त्याचा या दुखण्याशी काही संबंध नव्हता.

११ नोव्हेंबर

रॉकर शाफ्ट बाकावर घेऊन उघडले. वरून पाहिलं तर शाफ्ट लख्ख. उलटे केले तर प्रत्येक रॉकरखाली खाच, नख अडकेल एवढी. झीज खालच्याच बाजूला का, ते ध्यानात ठेवा: रॉकरला एका टोकाने व्हॉल्व्हची स्प्रिंग वर ढकलते आणि दुसऱ्या टोकाने पुशरॉडही वरच ढकलतो. सगळा भार शाफ्टच्या पोटावर येतो. गाडीवर असताना ऑईल कॅपमधून डोकावून ‘रॉकर ठीक आहेत’ असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका.

या इंजिनाचे रॉकर अ‍ॅल्युमिनियमचे, दोन्ही टोकांना पोलादाचे तुकडे बसवलेले. त्या तुकड्यांवर व्हॉल्व्हच्या दांडीने बारीक खळगे पाडले होते. म्हणजे कॅम, टॅपेट, रॉकर, शाफ्ट सगळंच बदलायचं. नव्या कॅमवर जुने टॅपेट चढवायचा विचारही नको. टॅपेटचं तोंड त्याच्या त्याच्या लोबवर घासून बसलेलं असतं. ते दुसऱ्या लोबवर ठेवलं तर नवा लोब काही तासांत जातो.

१५ नोव्हेंबर

कॅम कोणता घ्यायचा यावर बराच वेळ गेला, आणि तो वेळ सार्थकी लागला असं मला वाटतं.

कॅमच्या जाहिरातीत आधी लिफ्ट (उचल) आणि हॉर्सपॉवर दिसते. दगडांत चालणाऱ्या गाडीला हे दोन्ही आकडे जवळजवळ निरुपयोगी. आपल्याला जोर हवा तो १,००० ते २,५०० आरपीएमला. तिथला जोर मुख्यतः एका गोष्टीवर ठरतो: इनलेट व्हॉल्व्ह कधी मिटतो. पिस्टन खाली जाऊन परत वर यायला लागला तरी इनलेट उघडाच असतो. वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती पिस्टन वर येत असतानाही आत घुसत राहते. खालच्या आरपीएमला तो वेग नसतो, मग पिस्टन आत आलेली हवाच परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. जितका उशिरा मिटेल तितकी हवा परत जाणार. कंपनीच्या मूळ कॅमवर व्हॉल्व्ह २८५ अंश उघडा असतो आणि इनलेट बीडीसीनंतर (पिस्टन अगदी तळाला असतो त्या जागेनंतर) सत्तर अंशांच्याही पुढे जाऊन मिटतो. कागदावर हा काही सौम्य कॅम नव्हे.

दुसरा मुद्दा ओव्हरलॅपचा, म्हणजे इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे असण्याचा काळ. १४सीयूएक्स हवा मोजतं ते हॉट-वायर मीटरने. ओव्हरलॅप वाढला की आयडलला इनटेकमध्ये हवेचे उलटसुलट झटके बसतात, मीटर तीच हवा दोनदा मोजतं आणि आयडल बिघडतं. कार्ब्युरेटरवर स्क्रू फिरवून भागतं. इथे ती सोय नाही. शिवाय ओव्हरलॅप जास्त म्हणजे मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी, आणि ब्रेकवर पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो त्याच व्हॅक्यूमवर चालतो.

शेवटी जो घेतला त्याच्या कार्डावर असं आहे: इनलेट २६ अंश आधी उघडतो, ६२ अंशांनंतर मिटतो, एकूण २६८. एक्झॉस्ट ६८ अंश आधी उघडतो, २४ अंशांनंतर मिटतो, एकूण २७२. ओव्हरलॅप ५० अंश. इनलेटची पूर्ण उचल टीडीसीनंतर (पिस्टन अगदी वर असतो त्या जागेनंतर) १०८ अंशांवर. लोबची उचल ६.६ मि.मी., म्हणजे व्हॉल्व्हवर साधारण १०.५.

इथे एक धोक्याची सूचना. हे अंश किती उचल झाल्यावर मोजायला सुरुवात केली, ते प्रत्येक कारखान्याचं वेगळं असतं. त्यामुळे दोन कारखान्यांचे एकूण अंश शेजारी ठेवून तुलना केली की फसगत होते. ०.०५० इंच उचलीवर मोजलेले अंश मागा आणि त्यांचीच तुलना करा. ते द्यायला जो टाळाटाळ करेल त्याचा कॅम घेऊ नका. मी दोन विक्रेते याच कारणाने गाळले.

स्प्रिंग जाड घालाव्या लागतील असे कॅमही सोडून दिले. साध्या, म्हणजे तळाला रोलर नसलेल्या टॅपेटच्या इंजिनात लोबच्या शेंड्यावर आधीच भयंकर दाब असतो. ४,५०० आरपीएमच्या वर क्वचित जाणाऱ्या इंजिनाला जाड स्प्रिंगचा फायदा शून्य, लोबची झीज मात्र नक्की.

२२ नोव्हेंबर

आता रॉकर. पर्याय तीन होते: मूळ पद्धतीचे नवे रॉकर आणि कडक केलेले शाफ्ट, टोकाला रोलर असलेले अ‍ॅडजस्टेबल रॉकर, किंवा १.६ पेक्षा जास्त गुणोत्तराचे रॉकर.

जास्त गुणोत्तर लगेच बाद केलं. १.६ चं १.७ केलं तर उचल सव्वासहा टक्के वाढते हे खरं, पण स्प्रिंगचा जोर लोबवर परततो तोही त्याच प्रमाणात वाढून. स्प्रिंग जास्त दबते, त्याचा भार वेगळाच. या इंजिनाचा सर्वांत कच्चा दुवा लोब आणि टॅपेट आहे. तो वाचवण्यासाठी काम काढलं आणि त्याच्यावरच भार वाढवायचा, यात अर्थ नाही.

रोलर रॉकरचा मोह जास्त होता. एका ओळखीच्याने न वापरलेला सेट बसवून पाहायला दिला. एका बाजूला चढवला आणि रॉकर कव्हर ठेवलं तर ते बसेचना. अ‍ॅडजस्टरचे नट कव्हरच्या आतल्या पत्र्याला टेकत होते. म्हणजे जाड स्पेसर, लांब बोल्ट आणि तेल गळायला दोन नवे सांधे. त्यात त्या सेटच्या मधल्या भोकात साधी बुशच होती, सुईबेअरिंग नव्हतं. टोकाला रोलर असल्याने व्हॉल्व्हच्या दांडीवरचा आडवा घास कमी होतो, गाइड (दांडी ज्यात सरकते ती नळी) जास्त टिकतो. पण आपली झीज झाली होती शाफ्टवर, आणि तिथे हा रॉकर मूळ रॉकरपेक्षा कशातच सरस नाही. किंमत कॅम, टॅपेट आणि चेन मिळून होते त्याच्याही वर. परत दिला.

त्याची एकच गोष्ट खरंच उपयोगाची होती: प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळी अ‍ॅडजस्टमेंट. मूळ रॉकरला काहीच अ‍ॅडजस्टमेंट नाही. जे येईल ते पुशरॉडच्या लांबीवर. त्याचं पुढे पाहता येईल म्हणून मूळ पद्धतीचे सोळा रॉकर आणि दोन कडक शाफ्ट मागवले. रॉकर डावे-उजवे असतात, सगळे एकाच बाजूचे येऊ नयेत म्हणून मागवतानाच सांगा.

२९ नोव्हेंबर

उघडायचं काम. रेडिएटर, पंखा, ग्रिल, एसीचा कंडेन्सर बाजूला. कॅम समोरून सरळ बाहेर येतो, त्याला लांबीइतकी मोकळी जागा लागते.

क्रँक पुलीचा बोल्ट अपेक्षेप्रमाणे हलेना. त्याचा टॉर्कच २७० न्यूटन-मीटरच्या घरात आहे. फ्लायव्हीलच्या बाजूने क्रँक अडवून लांब पाइप लावल्यावर सुटला. खरा वेळ खाल्ला तो वॉटर पंपाच्या लांब बोल्टांनी. हे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरमधून आरपार जातात आणि आत पाण्याने गंजून चिकटतात. जोर लावला की तुटतात. गरम करायचं, गंज सोडवणारं तेल मारायचं, थंड होऊ द्यायचं, पाव आटा सोडायचा, पुन्हा आवळायचा. दुपार त्यातच गेली, पण एकही तुटला नाही. तुटला असता तर ड्रिल करून नवे आटे पाडण्यात यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला असता.

इनलेट मॅनिफोल्ड आणि खालची पत्र्याची गॅस्केट काढली की टॅपेट वरून दिसतात. बहुतेक बोटांनी निघाले. सातव्याचा आणि दुसऱ्याचा एक्झॉस्टचा निघेना. झिजून त्यांच्या तळाची कड भोकापेक्षा रुंद पसरली होती. असे टॅपेट वर ओढायचे नाहीत, ओढले तर ती कड ब्लॉकचं भोक खरवडते. कॅम आधी बाहेर काढायचा आणि मग टॅपेट खाली पाडायचे. इंजिनाखालची तेलाची टाकी, म्हणजे संप, काढावा लागला, पण भोकं शाबूत राहिली.

सातव्याचा टॅपेट हातात घेतला तेव्हा तळ वाटीसारखा खोल गेलेला. नवा टॅपेट तळाला किंचित फुगीर असतो आणि लोबला अगदी बारीक उतार असतो. त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज वाटली जाते. एकदा तो फिरायचा थांबला की एकाच रेषेवर घासतो आणि मग सगळं झपाट्याने जातं. कॅमच्या पाचही बेअरिंगांवर ओरखडे नाहीत, बोटाला गुळगुळीत. तिथे नशीब चांगलं.

ब्लॉकमधून एकेक टॅपेटचं भोक कापडाने पुसून नवा टॅपेट तेल लावून सोडून पाहिला. स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे आणि दोन बोटांत फिरला पाहिजे. एका भोकात जुन्या तेलाच्या वार्निशचा थर होता, तो साफ केल्यावर तिथलाही फिरला. हे इंजिन मुळात ब्यूकच्या २१५ घनइंचीवरून आलेलं, म्हणून टॅपेटचा व्यास ०.८४२ इंच, जनरल मोटर्सच्या अनेक व्ही-८ मध्ये असतो तोच. टॅपेट मिळायला त्यामुळे अडचण येत नाही.

६ डिसेंबर

कॅम आत गेला. पुढच्या टोकाला लांब बोल्ट लावून त्याला दांड्यासारखं धरलं आणि बेअरिंगला न टेकवता इंचाइंचाने सरकवला. लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट. बेअरिंगला आणि टॅपेटच्या बाजूंना नुसतं तेल. पेस्ट बाजूंना फासली तर टॅपेट भोकात जड होतो आणि फिरत नाही.

क्रँकवरून कॅम फिरवणारी चेन दुपदरी घेतली. तिच्या क्रँकच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) तीन चावीखाचा आहेत: सरळ, चार अंश पुढे, चार अंश मागे. आधी सरळ खाचेत बसवून खुणा समोरासमोर आणल्या आणि डिग्री व्हीलने (क्रँकवर लावायच्या अंशांच्या चकतीने) तपासलं. टीडीसी पुलीच्या खुणेवरून घेतला नाही. प्लगच्या भोकातून पिस्टन अडवणारा स्टॉपर लावला, दोन्ही दिशांनी फिरवून दोन आकडे घेतले आणि त्यांचा मध्य पकडला. मग पहिल्या सिलिंडरच्या इनलेटवर डायल गेज.

पूर्ण उचल १०८ वर यायला हवी होती. आली ११२ वर. पुन्हा मोजलं, ११२ च. खुणा अगदी बरोबर जुळलेल्या आणि कॅम चार अंश मागे. चुकी कॅमच्या खाचेत आहे की स्प्रॉकेटच्या, ते शोधत बसलो नाही. चार अंश पुढच्या खाचेत स्प्रॉकेट बसवलं आणि आकडा १०८.५ आला. हे तपासलं नसतं तर इनलेट ६२ ऐवजी ६६ अंशांनंतर मिटला असता, म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा कॅम निवडला त्यातलाच मोठा भाग वाया गेला असता. खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग जुळलं, असं धरून चालू नका.

पुढच्या टोकाला स्प्रॉकेट, स्पेसर आणि डिस्ट्रिब्युटरचा गिअर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. या सालच्या इंजिनात कॅमला मागेपुढे सरकू न देणारी थ्रस्ट प्लेट नाही. ती नंतरच्या इंजिनांत आली.

१३ डिसेंबर

सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा दिवस. टॅपेटचा प्रीलोड.

हायड्रॉलिक टॅपेटच्या आत एक पिस्टन असतो. व्हॉल्व्ह बंद असताना पुशरॉडने तो वरच्या सर्क्लिपपासून (त्याला अडवणाऱ्या कडीपासून) थोडा खाली दाबलेला असला पाहिजे. हाच प्रीलोड. या इंजिनाला ०.५ ते १.५ मि.मी. चालतं, १ च्या आसपास उत्तम. कमी असेल तर कटकट वाजतो आणि लोबवर आपटतो. जास्त असेल तर टॅपेट तेलाने फुगल्यावर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही.

मोजायचं असं: टॅपेट कोरडा, तेल न भरलेला. रॉकर शाफ्ट पूर्ण टॉर्कला आवळलेला. लोबची गोल बाजू टॅपेटखाली. मग वरून, सर्क्लिप आणि पुशरॉडची बैठक यांच्यातल्या फटीत ठराविक जाडीची तार सरकवून पाहायची. मी वेगवेगळ्या मापांच्या बारीक ड्रिलच्या दांड्या वापरल्या.

डाव्या बाजूला फट ०.१ ते ०.२. उजव्या बाजूला ०.३ ते ०.३५. दोन्हीकडे अपुरी. इंजिन असंच जोडलं असतं तर पहिल्याच स्टार्टला सोळाही टॅपेट वाजले असते आणि दोष टॅपेटच्या माथी गेला असता.

हिशेब लावला. लोबची एकूण उंची वाढवता येत नाही, कारण कॅमला बेअरिंगमधून पार व्हायचं असतं. मग जास्त उचल काढायची तर गोल भागच लहान घासावा लागतो. मायक्रोमीटरने पाहिलं, नव्या कॅमची त्रिज्या ०.४ मि.मी. कमी. तेवढा टॅपेट खाली गेला. दुसरं, आधीच्या मालकाने हेड उतरवून मूळच्या पत्र्याच्या गॅस्केटऐवजी कॉम्पोझिट गॅस्केट घातली आहे, ती मूळपेक्षा सुमारे अर्धा मि.मी. जास्त जाड. हेड तेवढं वर, त्याच्याबरोबर रॉकरही वर. दोन्ही मिळून ०.९ गेले. उजवं हेड त्या वेळी जास्त घासलेलं दिसतं, म्हणून त्या बाजूला थोडी फट उरली.

मदतीला आलेल्या मित्राने लगेच रॉकरच्या स्टँडखाली घालायचे शिम (पातळ पत्रे) पुढे केले. या इंजिनासाठी शिम सहज मिळतात आणि ‘प्रीलोड जुळवायला शिम’ असं सगळीकडे ऐकायला मिळतं. पण शिम घातला की रॉकर वर जातो आणि प्रीलोड आणखी कमी होतो! आणि कमी होतो तो शिमच्या जाडीपेक्षा जास्त. व्हॉल्व्हचं टोक जागच्या जागी राहतं, मधला टेकू वर जातो, म्हणून पुशरॉडकडचं टोक १.६ पट उचललं जातं. अर्ध्या मि.मी.चा शिम ०.८ मि.मी. प्रीलोड खातो. शिम हा प्रीलोड जास्त असेल तेव्हाचा इलाज आहे. कमी असेल तेव्हा लांब पुशरॉड हाच इलाज.

लांब पुशरॉड ०.०५० इंचाच्या, म्हणजे १.२७ मि.मी.च्या टप्प्याने मिळत होते. तेवढा लांब घेतला तर डावीकडे १.३७ ते १.४७ आणि उजवीकडे १.५७ ते १.६२. आता जरा जास्त. मग मात्र शिम कामाला आले: चारही स्टँडखाली ०.२५ मि.मी., दोन्ही बाजूंना. डावीकडे १.० च्या आसपास, उजवीकडे १.२. पुशरॉड यायला वेळ लागला आणि गाडी तोवर उघडीच राहिली, पण थांबलो ते बरं झालं.

शिम घालताना ज्या स्टँडमधून तेल वर शाफ्टमध्ये जातं तिथल्या शिमचं भोक तेलाच्या वाटेवर नीट आलं पाहिजे. आणि शाफ्टची दिशा: प्रत्येक शाफ्टच्या एका टोकाला खाच असते. खाच वरच्या बाजूला. उजव्या हेडवर ती इंजिनाच्या पुढच्या अंगाला, डाव्या हेडवर मागच्या. उलटा बसला तर तेलाची भोकं चुकीच्या बाजूला जातात आणि नवा शाफ्ट लवकरच जुन्यासारखा होतो. मला तर वाटतं, या इंजिनातले पुष्कळ शाफ्ट असेच मेले असतील.

२० डिसेंबर

स्प्रिंग. जुन्यांची मोकळी लांबी नव्यांपेक्षा कमी भरली, म्हणून मूळ ताकदीच्याच नव्या घातल्या. हेड न उतरवता हे करता येतं: पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये सुती दोर सोडायचा, मग क्रँक फिरवून पिस्टन वर आणायचा. दोर दबून व्हॉल्व्हना खालून आधार देतो आणि स्प्रिंग काढली तरी ते आत पडत नाहीत. दोराचं टोक बाहेर राहील याची काळजी घ्या.

पूर्ण उचलीवर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत एकूण २ मि.मी.च्या वर जागा. रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) आणि गाइडवरच्या सीलमध्येही पुरेशी जागा.

व्हॉल्व्ह आणि पिस्टन: ओव्हरलॅपच्या वेळी, टीडीसीच्या दहा अंश इकडे-तिकडे, हलकी स्प्रिंग लावलेला व्हॉल्व्ह हाताने पिस्टनला टेकेपर्यंत दाबून डायल गेजवर अंतर वाचलं. इनलेटला किमान २ मि.मी., एक्झॉस्टला २.५ हवं. दोन्हीकडे त्याहून भरपूर.

२७ डिसेंबर

स्टार्ट. नव्या साध्या टॅपेटच्या कॅमचं आयुष्य पहिल्या वीस मिनिटांत ठरतं, आणि त्यात इंजिन आयडलवर सोडायचं नसतं. लोबला तेल मिळतं ते क्रँकने उडवलेलं. आयडलला क्रँक हळू फिरतो, तेल कमी उडतं, आणि शेंड्यावर स्प्रिंगचा दाब मात्र पूर्ण असतो. म्हणून सुरू होताच २,००० च्या वर.

त्यासाठी सगळी तयारी आधी. तेलाच्या पंपाचे गिअर जोडतानाच पेट्रोलियम जेलीने भरले होते, नाहीतर हा पंप कोरडा असताना तेल ओढत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून दांडी घालून ड्रिल मशीनने पंप फिरवला. गेजवर दाब आला, दोन्ही बाजूंच्या रॉकरमधून तेल पाझरताना डोळ्यांनी पाहिलं. मगच डिस्ट्रिब्युटर बसवला, टायमिंग अंदाजे पण जवळचं लावलं. स्टार्टर मारत बसलं की पेस्ट पुसली जाते.

तेल: जास्त जस्त-फॉस्फरस असलेलं २०डब्ल्यू-५०. नव्या पेट्रोल गाड्यांच्या पातळ तेलांमध्ये कॅटलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी फॉस्फरसवर ८०० पीपीएमची मर्यादा आहे. साध्या टॅपेटला ते कमी पडतं. डबा घेताना १,२०० च्या आसपास आकडा पाहून घेतला.

पहिल्या फटक्यात सुरू झालं. २,००० ते २,५०० मध्ये खालीवर करत ठेवलं. आठव्या मिनिटाला वॉटर पंपाच्या गॅस्केटमधून पाणी. लगेच किल्ली बंद, आयडलवर आणलं नाही. गॅस्केट बदलून पुन्हा सुरू करून थेट २,००० वर आणि उरलेला वेळ पूर्ण. मध्ये थांबावं लागलं तर चालतं, इंजिन हळू फिरत राहणं चालत नाही.

गरम तेल लगेच काढलं. फिल्टर कापून कागद उलगडला: काळपट पेस्ट, चुंबकाला लागणारा अगदी थोडा बारीक भुगा, चकाकणारे तुकडे नाहीत. नवं तेल, तेच.

३ जानेवारी

उजवीकडून टिकटिक. टॅपेटचीच वाटली, आणि प्रीलोड इतक्या काळजीने लावूनही टॅपेट वाजतोय म्हटल्यावर कव्हर पुन्हा उघडायची तयारी झाली होती. आधी रबरी नळीचं एक टोक कानाला धरून दुसरं सगळीकडे फिरवलं. आवाज रॉकरचा नव्हता, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मागच्या पोर्टचा होता. गॅस्केट थंड असताना गळते आणि गरम झाल्यावर मिटते. हुबेहूब टॅपेटसारखी वाजते. बोल्ट सोडून नवी घातली, टिकटिक गेली.

१७ जानेवारी

लो रेंजमध्ये, दगडी चढावर. फटफट पूर्ण गेली. पूर्वी जिथे १,८०० पर्यंत फिरवल्याशिवाय चाक दगडावर चढत नव्हतं तिथे १,२०० ला चढतं, तेही ॲक्सिलरेटरवरचा पाय न हलवता. चाक घसरणं त्यामुळे कमी झालं. ४,५०० नंतर ओढ संपते, मूळ कॅमपेक्षा लवकर. ज्यांना हायवेवर ओव्हरटेक करायचं असतं त्यांनी हा कॅम घेऊ नये.

आयडलला व्हॅक्यूम १८ इंच, काटा स्थिर. सुरुवातीला ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन बंद पडायला येत होतं. आयडलची हवा कमीजास्त करणाऱ्या स्टेपर मोटरची हवेची वाट चोक करून बेस आयडल पुन्हा लावला आणि ते थांबलं. हे कॅम बदलल्यावर करावंच लागतं, कारण आता तेवढ्याच आयडलला हवा कमी लागते.

८०० कि.मी. झाल्यावर तेल-फिल्टर पुन्हा बदललं. इनलेट मॅनिफोल्ड पुढे कधी काढावा लागला तर टॅपेट उचलताना आठ-आठ भोकांच्या दोन पुठ्ठ्यांवर, सिलिंडरचा आकडा आणि इनलेट-एक्झॉस्ट लिहून ठेवायचे. ते पुठ्ठे, कॅमचं कार्ड आणि पुशरॉडची नवी लांबी गाडीच्या फाइलमध्ये लावून ठेवली आहे. मूळ लांबीचे पुशरॉड आता या इंजिनात चालणार नाहीत, म्हणून तोच आकडा रॉकर कव्हरच्या आतल्या बाजूलाही कोरला आहे.